एवारिस्तोच्या घोंगडीचा गळा उसवण्याबाबत

चिरंजीव फिदेन्सिओ, तुझा खोकला थांबला का? सॅन अँतोनिओची हवा ओली, त्यात रेल्वे यार्डातला धूर. मधात लिंबू पिळून घेत जा, आणि विड्या कमी कर. सूनबाई औरेलिया, तुझी कंबर कशी आहे? दिवसभर उभं राहून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची म्हणजे कंबर बोलणारच. ओफेलिया पोरी, तू झोपतेस की नाही? परवा आलीस तेव्हा डोळ्यांखाली काजळी धरल्यासारखं दिसत होतं. आजाऱ्याची सेवा करणारा आजाऱ्याच्या आधी झिजतो. लिब्रादा, तव्यावर भाजलेला हात भरून आला का? त्यावर कोरफडच लाव, लोणी फासू नकोस. शेजारीण कूका, तुझी दाढ कशी आहे? भिंतीपलीकडून मला तुझं कण्हणं ऐकू येतं, तरी रीत म्हणून लेखी विचारते.

आणि थोरले दीर बोनिफासिओ साउसेदो, तुमचा श्वास कसा आहे? तीन उशा लावून बसता, असं ओफेलिया सांगते. मी तुम्हाला अजून 'अहो' म्हणते ते सवयीने. मान राखायचा म्हणून म्हणते असं समजू नका.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझं हे कागदपत्र मी जिवंत असतानाच तुम्हा सगळ्यांना धाडते आहे. का, ते पुढे कळेल.

मी, मक्रीना रेसिओ, कै. एवारिस्तो साउसेदो याची विधवा, राहणार सालतियो, वरची आळी, वय बहात्तर सरत आलेलं, धंदा जुन्या घोंगड्या धुणं, रफू करणं आणि त्या कोणाच्या अंगावर होत्या याचा माग काढणं, देवाला स्मरून असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळे एका अंगाने अधू आहेत, आणि हे लिहिताना मला कोणी काही पाजलेलं नाही की धाकदपटशा दाखवलेला नाही. धाक दाखवणारे होते, ते आता उशांना टेकून बसले आहेत. मला शाळा मिळाली नाही. अक्षरं मी स्टेशनवरच्या मालाच्या पेट्यांवरून शिकले, म्हणून माझा 'र' अजून पेटीवरच्या 'र'सारखा जाडजूड येतो. नोटरी साहेबांनी हसू नये.

पहिलं कलम, घराचं. मी राहते त्या दोन खोल्या, मागचं अंगण, अंजिराचं झाड आणि पाण्याचा हौद फिदेन्सिओचा. त्याला इकडे यायचं नसेल तर भाड्याने द्यावं, पण घोंगड्यांच्या व्यापाऱ्याला देऊ नये. कूकाला भिंतीवरून हात घालून अंजीर तोडायची मुभा आहे. ती नाही दिली तरी ती तोडतेच, तेव्हा दिलेली बरी.

दुसरं कलम. बँकेत जे काही असेल त्यातून माझी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आणि माझी शवपेटी करावी. पेटी साध्या लाकडाची. जमलेल्या लोकांना कॉफी आणि पुल्केचा, म्हणजे घायपाताच्या ताडीत फुगवलेला, पाव द्यावा, मेलितोनच्या भट्टीतला, दुसरीकडचा नको. उरेल ते औरेलियाच्या कंबरेसाठी.

घोंगड्यांकडे वळण्याआधी मला आमच्या आळीची रीत लिहावी लागते. फिदेन्सिओची मुलं तिकडे वाढली, त्यांना ती माहीत नाही, आणि नोटरी साहेब परगावचे. आमच्याकडे सारापे, म्हणजे अंगावर घ्यायची घोंगडी, दोन अरुंद पट्ट्यांत विणतात आणि मधोमध शिवून जोडतात. पुरुषाची असली तर त्या शिवणीत मध्ये वीतभर जागा मोकळी सोडतात. तो गळा. त्यातून डोकं घातलं की पुढे छाती झाकते, मागे पाठ. माणूस वारला की त्या घरात लग्न होऊन आलेली बाई, म्हणजे आई, बायको, भावजय नाहीतर सून, तो गळा शिवून टाकते. लेक शिवत नाही; आपल्याच रक्तावर टाका घालू नये म्हणतात. पुढे मुलाच्या लग्नात तो गळा उसवतात आणि मुलगा त्यातून डोकं घालतो. तेव्हापासून घरात, बागेत, पंगतीत बापाची जागा त्याची. गळा शिवायला सांगायचा अधिकार घरातल्या कर्त्याचा, आणि ज्याने शिवायला सांगितलं त्यानेच तो उसवायचा. ज्याचा गळा शिवला तो मेलेला. आणि मेल्यावरही ज्याचा गळा उघडाच राहिला, त्याच्या जिवाला झोप नाही. उघड्या दाराच्या घरात वारा फिरतो तसा तो फिरत राहतो. खरं खोटं देव जाणे. आमच्या आळीत मात्र कोणी त्याची परीक्षा पाहिलेली नाही.

तिसरं कलम, घोंगड्यांचं. लोक म्हणतात, मक्रीनाने मोठा संग्रह केला. संग्रह कसला? मी आयुष्यभर एकच घोंगडी शोधत होते. कोणी सांगितलं, अमक्या दुकानात गळा शिवलेली घोंगडी आहे, की मी जायचे. ती आमची नसायची. पण हातात घेतल्यावर परत त्या दुकानात टाकून यायला मन होईना. कोणाच्या तरी बायकोने रडत घातलेले टाके असायचे ते. मग मी रफूच्या कामाच्या बदल्यात ती घ्यायची आणि ज्याची होती त्याचं घर शोधत फिरायची. माझ्या पेटाऱ्यात आहेत त्या सगळ्या चुकीच्या सापडलेल्या घोंगड्या.

निळी मोठी, मधल्या करड्या चौकटीची, ही लिब्रादाला. ती अर्तेआगा गावच्या प्लासिदो नावाच्या खेचरवाल्याची होती. दोन्ही खांद्यांवर दोराने घासून पडलेले पट्टे आहेत. माल बांधताना दोर खांद्यावरून ओढायची सवय त्याच्या घराण्याला होती. गळ्याला सुईची भोकं एकावर एक आहेत, म्हणजे तो पुन्हा पुन्हा शिवला आणि उसवला गेला, बापाकडून मुलाकडे. बाजाराबाहेर गोर्दिता, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, विकणारी ही लिब्रादा त्याची पणती. मी घोंगडी तिच्या हातगाडीवर पसरली तेव्हा ती म्हणाली, "काकू, उचला, तेल उडेल." मग हात पुसून जवळून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबांच्या लग्नाच्या फोटोत हीच आहे ना?" मी म्हटलं, "हीच." तिने त्या दिवशी गाडी लवकर बंद केली. लिब्रादा, ती तुझीच होती. मी फक्त सांभाळली.

लाल, किरमिजी किड्यांच्या रंगाची, हिच्यावर पार्रास गावच्या बऱ्याच घरांनी हक्क सांगितला. क्रांतीच्या धामधुमीत कोण्या सरदाराने आमच्या आजोबांच्या अंगावरून ओढून नेली, हे प्रत्येकाने सांगितलं. ज्यांच्या आजोबांनी जन्मभर मक्याचं पोतं पांघरलं तेही सांगून गेले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. म्हणून ती कोणाच्याच घरात जाणार नाही. ती चॅपलमध्ये ठेवावी आणि आळीत ज्याच्या घरी मयतावर घालायला काही नसेल त्याच्यावर ती घालावी, मिस्सा होईपर्यंत. माझ्या नवऱ्यावर उसनी आणलेली चादर होती, आणि ती देणारी बाई दफनभूमीच्या फाटकाशी चादर परत न्यायला उभी होती.

लहान मुलाची, हिरव्या काठाची, हिचा माग मला लागला नाही. कितीतरी गावं फिरले. गळा शिवलेला आहे, एवढंच कळतं, आणि तेवढंच कळून पुरे झालं. ही कूकाला. तिची मांजर नाहीतरी हिच्यावरच झोपते. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, असं नोटरी साहेब म्हणाले, तेव्हा कूका म्हणाली, "मग घोंगडी मला दे आणि सही दुसऱ्या कोणाकडून घे. सही पांघरता येते का?"

बाकीच्या घोंगड्यांना मी मागच्या बाजूने कापडाच्या पट्ट्या शिवल्या आहेत. ज्याचं नाव पट्टीवर, त्याच्या घरी ती पोचवावी. वाळलेल्या मिरच्या आणि तंबाखूची पानं मधे घालून ठेवल्या आहेत, झटकून द्याव्यात.

स्टेशनवरच्या सेवेरो व्यापाऱ्याला घोंगडी नाही. प्रवाशांना टेबलावर घालायला सपाट कापड हवं असतं, म्हणून हा इसम जिवंत माणसांच्या घोंगड्यांचे गळे शिवून विकायचा. त्यामुळे मला आधी व्यापाऱ्याची शिवण कोणती आणि बायकोची कोणती हे ओळखायला शिकावं लागलं. बायकोची शिवण छातीकडून पाठीकडे जाते, आणि मधेमधे टाका हुकतो, कारण डोळे पुसायला हात थांबतो. व्यापाऱ्याचा टाका हुकत नाही. माझं तीन पायांवर उभं राहणारं टेबल सेवेरोला द्यावं. त्यावर काय घालायचं ते त्याने बघावं.

आता चौथं कलम. यासाठीच बाकी सगळं लिहिलं.

फिदेन्सिओ पाळण्यात होता तेव्हा एवारिस्तो कापूस वेचायला टेक्सासला गेला. दोन हिवाळे त्याचा निरोप आला नाही. त्याला अक्षर येत नव्हतं, मलाही तेव्हा येत नव्हतं. मग तिकडून परतलेल्या मजुरांनी सांगितलं की त्याच्या तळावर ताप आला आणि पुष्कळ माणसं गेली. एवारिस्तो गेला असं कोणी म्हटलं नाही. पुष्कळ गेली, एवढंच. मी बोनिफासिओंना म्हटलं, "कोणाला तरी पाठवा, विचारून येऊ द्या." ते म्हणाले, "पुराने माणसं मरतात तेव्हा नदीला नावं विचारत नाहीत." सासरे नुकतेच वारले होते, मेंब्रियोच्या, म्हणजे पिवळ्या तुरट फळांच्या, बागेची वाटणी व्हायची होती. चोराच्या मनात चांदणं.

एवारिस्तोने तिकडे जाताना घोंगडी घरी ठेवली होती, प्रवासात चोरीला जाईल म्हणून. बोनिफासिओंनी ती बागेत आणवली आणि मला म्हणाले, "मक्रीना, शीव." मी म्हटलं, "देह दाखवा, शिवते." ते म्हणाले, "तू नाही तर आई शिवेल." आणि सासूबाईंनी शिवली. तोमासा सासूबाई वाईट नव्हत्या. थोरल्या मुलाच्या घरात राहणारी आई आपला शब्द गिळून राहते, एवढंच. मला त्यांनी घोंगडी ताणून धरायला लावली. नवऱ्याच्या गळ्याची दोन्ही टोकं माझ्या हातात होती आणि माझ्या बोटांना लागून सुई आतबाहेर जात होती. घरातले सगळे गळे एकाच हाडाच्या सुईने शिवायचे, ती घराची सुई; नंतर सासूबाईंनी ती स्वतःकडे ठेवली नाही, माझ्या पदरात टाकली. म्हणाल्या, "पुढची शिवण तुझी. मला पुन्हा हे सांगू नका."

त्यानंतरच्या ऑगस्टात, सांतो क्रिस्तोच्या सणाला, बागेत पंगत बसलेली असताना एवारिस्तो फाटकातून आत आला. काखेत काठी होती. कापसाच्या गाडीखाली पाय सापडून तो महिनोन् महिने कोणाच्या तरी गोठ्यात पडून होता. आल्या आल्या म्हणाला, "आई, तोर्तिया उरल्यात का गं?" सासूबाई उठल्या. बोनिफासिओ बसूनच म्हणाले, "खाली बस आई. याचा गळा शिवलाय."

एवारिस्तो हसला. "मग उसव की दादा. मेलेला माणूस एवढा लंगडत येतो होय?"

"शिवलेला गळा वारसासाठी उसवतात. तू काय स्वतःचाच वारस होणार?"

यावर पंगत हसली. सणाची दारू होती पोटात, वाईट मनाने हसले असं मी म्हणत नाही. पण त्या हसण्याने जे काम केलं ते तापाने केलं नव्हतं. त्याला बागेत वाटा मिळाला नाही. ज्याचा गळा शिवला त्याला कसला वाटा? आणि कोणी मन पालटून उसवू नये म्हणून आठवड्याच्या आत बोनिफासिओंनी घोंगडी सेवेरोला विकून टाकली.

माझा नवरा पुढे पंचवीसएक वर्षं जगला. लोकांच्या भिंतींना चुना लावायचा, मन लावून लावायचा, कोपरे सुटू द्यायचा नाही. आळीत त्याला 'मयत' म्हणत. "मयत, उद्या आमच्याकडे ये रे, ओसरी काळी पडलीय." तोही "येतो" म्हणायचा. बारशाला बोलवायचे नाहीत, अपशकुन म्हणून. फिदेन्सिओच्या लग्नात बापाने मुलाच्या मागे उभं राहायचं असतं; तिथे कोणी उभं नव्हतं. एवारिस्तो चर्चबाहेर, त्याने स्वतः रंगवलेल्या भिंतीला टेकून उभा होता. फिदेन्सिओ, तू तेव्हा मागे वळून पाहिलंस, ते मी पाहिलं. आणि त्यानंतर तू या गावात का राहिला नाहीस, ते मी तुला कधी विचारलं नाही.

घोंगडीचा माग मी असा काढला. सेवेरो म्हणे, "आठवत नाही." वर्षानुवर्षं आठवत नाही म्हणाला. शेवटी त्याच्या हमालाच्या बायकोने सांगितलं की ती गाडीतल्या एका अमेरिकन बाईने घेतली, बाईचा एक हात गळ्यात बांधलेला होता. त्या बाईचा माग फिदेन्सिओने सॅन अँतोनिओत काढला, तेवढं काम त्याने बापासाठी केलं. पियानोवर घालायची ती. ती वारल्यावर मुलाने चर्चच्या विक्रीत दिली. तिथून एका गुरंवाल्याने नेली, खोगिराखाली घालायला. त्याच्याकडून नदी ओलांडून ती पिएद्रास नेग्रासला आली आणि क्रेसेन्सिओ न्हाव्याच्या दुकानातल्या बाकावर पडली. मी गेले तेव्हा तीन गिऱ्हाइकं तिच्यावर बसून पाळीची वाट बघत होती. मी त्यांना उठवलं. न्हावी म्हणाला, "बाई, वस्तरा हातात आहे माझ्या, भांडू नका." मी म्हटलं, "भांडत नाही. हा माझा नवरा आहे." तो माणूस चांगला निघाला. त्याने दुकानातली सगळी माणसं बाहेर काढली, घोंगडी झटकली, घडी केली आणि मेंब्रियोच्या वडीच्या बदल्यात मला दिली.

ओळखण्यात माझी चूक होणार नव्हती. ते टाके घातले तेव्हा घोंगडी माझ्याच हातात होती. पण एक गोष्ट मी त्या दिवशी बागेत पाहिली नव्हती, माझे डोळे भरलेले होते. पाठीकडच्या टोकाला शिवण पुरी झालेली नाही. करंगळी जाईल एवढी जागा सासूबाईंनी सोडली आहे. दोरा संपला म्हणून नव्हे. दोऱ्याचं टोक आत लांब दडवलेलं आहे.

एवारिस्तो तेव्हा अंथरुणाला खिळला होता. चुन्याने छाती पोखरली होती. मी घोंगडी त्याच्यावर घातली. त्याने बोटाने चाचपत ती जागा शोधली आणि करंगळी आत घातली. म्हणाला, "आईला माहीत होतं." बराच वेळ त्याने करंगळी काढली नाही. मी म्हटलं, "मी उसवते, आत्ता." तर म्हणाला, "तू नको. ज्याने शिवायला लावली त्याने उसवावी. नाहीतर लोक म्हणतील, बायकोने चोरून जिवंत केला."

मी बोनिफासिओंकडे गेले. ते मला आत घेईनात. फाटकातूनच म्हणाले, "मक्रीना, मेलेल्याची थट्टा करू नये." मी म्हटलं, "तो घरी खोकतोय." ते म्हणाले, "मग औषध दे." आणि कडी लावली. एवढं झालं, आणि त्याच महिन्यात एवारिस्तो गेला. त्याचा गळा शिवायला मी सुई काढली नाही. शिवायचं काही उरलंच नव्हतं. म्हणून हे भिजत घोंगडं इतकी वर्षं माझ्या पेटाऱ्यात पडून आहे.

आता बोनिफासिओ ऐंशीच्या पुढे गेले. बायको कधीच गेली, मुलगे नाहीत, लेकी आहेत. लेकींना शिवता येत नाही. साउसेदो घरात लग्न होऊन आलेली, जिवंत असलेली थोरली बाई मी, आणि माझ्यामागे औरेलिया. शिवायचा मान जिच्याकडे घराची सुई तिचा, आणि सुई माझ्याकडे.

परवा ओफेलिया आली. पुल्केचा पाव आणला होता, तो बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "काकू, बाबा म्हणतात, तुम्हीच यावं. वेळ आली की."

"कशाला?"

"माहीत आहे तुम्हाला."

"मला माहीत आहे. पण त्यांच्या तोंडून काय निघालं ते सांग."

ती म्हणाली, "ते रात्री घाबरतात. घोंगडी छातीशी धरून बसतात, गळ्यात मूठ कोंबून. म्हणतात, मी उघडा राहीन."

मी म्हटलं, "उघडं राहणं बरं. शिवून घेतल्यावर कसं वाटतं ते त्यांनी कोणाला विचारलं होतं का?" हे बोलले आणि पोरीच्या तोंडाकडे पाहून मला वाईट वाटलं. तिचा यात काय दोष? तिने आयुष्य त्या उशा लावण्यात घालवलं. ओफेलिया, माझी शिवणाची कात्री, लोकरीचे रंगीत गुंडे आणि पाठीला ऊब देणारी माझी राखाडी शाल, जी कोणाच्याही माग-पत्त्यातली नाही, माझी मी विणलेली, ती तुला. तुझ्या बापाच्या वाट्याचं काही तुझ्या वाट्याला येऊ नये.

तेव्हा मी असं ठरवते आणि लिहून ठेवते:

हाडाची सुई, तोमासा सासूबाईंकडून आलेली, सूनबाई औरेलियाला. मी जिवंत असले तर मी आणि मी नसले तर औरेलियाने बोनिफासिओ साउसेदो यांच्या घोंगडीचा गळा रीतीप्रमाणे, छातीकडून पाठीकडे, पूर्ण शिवावा. पण त्याआधी बोनिफासिओंनी स्वतःच्या बोटांनी एवारिस्तोच्या घोंगडीचा गळा उसवला पाहिजे. हात कापत असले तर ओफेलियाने मनगट धरावं, दोरा मात्र त्यांनीच ओढावा. दिसत नसेल तर आईने सोडलेली जागा बोटाने शोधावी आणि तिथून सुरुवात करावी. हे बागेत व्हावं, आळीतली जी म्हातारी माणसं त्या पंगतीत होती आणि अजून चालतात, त्यांच्यासमोर. ती हसली तरी चालेल, रडली तरी चालेल. मग फिदेन्सिओने त्यातून डोकं घालावं. बागेतला वाटा मी मागत नाही. मेंब्रियोची झाडं वठली आहेत, असं ऐकते. ज्या झाडांसाठी सगळं केलं ती झाडंही थांबली नाहीत.

हे झालं नाही, तर सुई माझ्या उजव्या हातात देऊन पेटी बंद करावी. औरेलिया, तू मनाने मऊ आहेस. म्हातारा माणूस आहे, पुण्य लागेल, दुसऱ्या सुईने शिवते, असं तुझ्या मनात येईल. शिवू नकोस. घराच्या सुईवाचून घातलेला टाका हा सेवेरोचा टाका.

पाचवं कलम. पाद्रीबाबा म्हणाले की शेवटी क्षमा लिहावी, तसा प्रघात आहे. मी पुष्कळ शोधलं. जे माझ्याकडे नाही ते मी कोणाला लिहून देऊ? असलं असतं तर घराआधी तेच लिहिलं असतं. क्षमा नाही, अट आहे. अट पाळली तर मी टाके नीट घालीन, एकही वाकडा नाही, आणि शेवटपर्यंत शिवीन, जागा न सोडता. एवढं माझ्याकडून होईल. हेही सगळ्यांकडून झालं नसतं.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. हे नोटरी साहेबांनी मला पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी 'मयत' शब्दाच्या जागी 'दिवंगत' घालू का विचारलं, मी नको म्हटलं.

सही: मक्रीना रेसिओ, विधवा साउसेदो

साक्षीदार: मेलितोन अगिरे, पाववाला. याने सही करताना विचारलं की कॉफीच्या वेळी किती पाव लागतील. घाई नको म्हणून सांगितलं.

साक्षीदार: एलोइसा नार्रो, शिक्षिका, निवृत्त.

ठिकाण सालतियो, कोआविला. तारीख १९ नोव्हेंबर १९६४.

ता. क. ओफेलिया, हे पत्र तू वडिलांना मोठ्याने वाचून दाखव, त्यांच्या चांगल्या कानाशी बसून. तुझ्यावर वाईट बोलणी येतील अशा जागा गाळू नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे. कागदावर त्यांची सही नको, अंगठाही नको. सणाच्या त्या दिवसापासून आजवर त्यांनी आपल्या भावाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही, इतरांनीही नाही. वाचून झाल्यावर त्यांनी ते नाव घेतलं की नाही, एवढंच मला लिही. घेतलं असेल तर मी त्याच दिवशी घोंगडी घेऊन चढण चढून येते, गुडघे काय म्हणतात ते म्हणोत. त्यांचा श्वास तोकडा पडतोय, माझाही फार लांब नाही. उत्तर लवकर लिही, पोरी.